वडिलांचं बोलणं रेकॉर्ड करायचंय, पण फोन समोर ठेवला की गप्प बसतात

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता.

आमचे अप्पा ७९ वर्षांचे आहेत. २९ वर्षं सोलापुरातल्या कापडाच्या मिलमध्ये विणाई खात्यात काम केलं, मिल बंद झाल्यावर गल्लीतल्याच एका कारखान्यात चादरीच्या मागावर १० वर्षं. आता घरीच असतात, तब्येत तशी बरी आहे पण ऐकायला लै कमी येतं, मागाच्या खात्यात आयुष्य गेलेल्या बहुतेकांचं तेच असतं. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतले दोन म्हातारे सहा महिन्यांत गेले, दोघंही मिलमधलेच, आणि त्यांच्या पोरांशी बोलताना लक्षात आलं की बापानं नेमकं काय काम केलं हे त्यांना चार वाक्यांच्या पुढं सांगता येत नाही. मलाही येत नाही, खरं सांगायचं तर. मग आम्ही पाच-सहा घरांनी ठरवलं की प्रत्येकानं आपापल्या घरातल्या मोठ्या माणसाशी बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं, आणि कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना प्रत्येक घरातलं १०-१० मिनिटं सगळ्यांना ऐकवायचं.

आता अडचण अशी की मी फोन समोर ठेवून "अप्पा, तुमच्या मिलच्या आठवणी सांगा" म्हणलं की ते म्हणतात "काय सांगायचं, जात होतो, येत होतो". बस्स. तीन वेळा बसलो, तिन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत संपलं. एरवी जेवताना काहीतरी मध्येच बोलून जातात आणि तेव्हा फोन चार्जिंगला असतो.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात आम्ही तेलुगू बोलतो, अप्पा तर मनातलं काही असलं की तेलुगूतच बोलणार. माझ्या पोरांना तेलुगू थोडंफार समजतं, बोलता येत नाही. गल्लीत कन्नड घरं आहेत, मराठी आहेत, दोन मुसलमान घरं आहेत. मग त्यांना मराठीत बोलायला लावू का? कुणी असं काही केलंय का? काय विचारलं, कसं विचारलं, सांगा.

कुंभारी_नाका

दादा, मी आईचं केलंय, दोन वर्षांपूर्वी. माझी आई ४० वर्षं बिड्या वळत होती. तिलाही समोर बसवून विचारलं तर "गरिबाचं काय असतंय सांगण्यासारखं" एवढंच. मग एक दिवस मी नुसतं तिच्याकडून शिकायला बसले, म्हणलं मला वळायला शिकव. सूप मांडीवर घेतलं, पानं आदल्या रात्री भिजवून ठेवली होती, पत्र्याचा फर्मा आणि कातर अजून तिनं जपून ठेवलेली आहे. पान कापता कापता जी बोलायला लागली ती दीड तास. हात कामात असले की तोंड मोकळं होतं बघा. कधी लग्न झालं, सासूनं पहिल्या दिवशी किती बिड्या मोजून घेतल्या, कारखान्यात माल द्यायला गेल्यावर छाटणीत किती बिड्या बाजूला काढायचे आणि त्या दिवशी घरी येताना मैत्रिणी एकमेकींना काय बोलायच्या, सगळं. मी पहिलीत असताना शाळेची फी भरायची होती म्हणून तिनं एका रात्रीत हजारावर तीनशे जास्त वळल्या, आणि सकाळी अंगठ्याची कातडी सोललेली होती हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं आईचे अंगठे जन्मापासूनच तसे आहेत.

म्हणून सांगते, "आठवणी सांगा" म्हणू नका. वस्तू हातात द्या. घरात मिलमधलं काही असेल ना? धोटा (मागावर आडवा दोरा इकडून तिकडं नेतो तो), बॉबिन, पगाराचं पाकीट, हजेरीचं कार्ड, काहीही. ते समोर ठेवा आणि "हे कसं चालायचं" एवढंच विचारा.

आणि रेकॉर्डिंगमध्ये कातरीचा आवाज येतो सारखा, कच कच. भाऊ म्हणाला तो काढून टाकता येतो कॉम्प्युटरवर. मी नाही काढू दिला.

साउंडवाला_सोलापूर

मी लग्नाकार्यात, गणपतीत साउंडचं काम करतो, त्यामुळे आवाजाबद्दल सांगू शकतो.

फोन चालेल, भारी माईक पाहिजेच असं काही नाही. पण फोन विमान मोडवर टाका आधी, नाहीतर मध्येच कॉल येतो आणि काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथंच थांबतं, तुम्हाला कळतही नाही. फोन टेबलावर नुसता ठेवू नका, खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, नाहीतर टेबलावर कप ठेवला तरी धाडकन आवाज येतो. माणसाच्या तोंडापासून एक-दीड हातावर असू द्या. पंखा बंद. फ्रीज त्याच खोलीत असेल तर तेवढा वेळ बंद करा आणि नंतर आठवणीनं चालू करा. कुकर लावायचा नाही.

आपल्याकडच्या पत्र्याच्या आणि फरशीच्या खोल्यांत आवाज लै घुमतो. त्याला उपाय आपल्या गावातच पडलाय. दोन-तीन जाड चादरी भिंतीला, दाराला लटकवा, खाली एक अंथरा. स्टुडिओत फोम लावतात त्याचं काम चादर बऱ्यापैकी करते, मी स्वतः करून बघितलंय.

पूर्व भागात राहता म्हणजे आजूबाजूला मागाची खडखड असणारच. ती काही केल्या पूर्ण जात नाही. लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात, ती वेळ साधा, फोनला लाईट लागत नाही. किंवा कारखान्याला सुट्टी असेल तो दिवस बघा. पण शेवटी एकदा, निदान पाच मिनिटं, माग चालू असतानाचाही आवाज मुद्दाम घेऊन ठेवा. वर ताईंनी कातरीचं लिहिलंय ते मला पटलं. पॉवरलूमचा हा आवाज आपण लहानपणापासून ऐकतोय म्हणून किंमत नाही, अजून ३० वर्षांनी कुठं ऐकायला मिळणार.

सेटिंगमध्ये वेव्ह फॉरमॅट असेल तर तो निवडा. मोनोत साधारण मिनिटाला ५ एमबी लागतात, म्हणजे तासाला ३०० च्या आसपास, एवढी जागा हल्ली सगळ्यांच्या फोनमध्ये असते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी हीच एकमेव कॉपी ठेवू नका. मूळ फाईल एक पेनड्राईव्हवर, एक गूगल ड्राईव्हवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. फाईलला नाव द्या, तारीख टाका. "रेकॉर्डिंग ००१७" असं नाव असलेली फाईल दोन वर्षांनी कुणी उघडत नाही.

हडपसरचा_सोलापूरकर

भाषेचं सांगतो. आमच्या घरी कन्नड. मी नोकरीसाठी पुण्यात, दर दुसऱ्या शनिवारी हुतात्मा एक्सप्रेस पकडून घरी. आजीचं मी पहिल्यांदा मराठीत रेकॉर्ड केलं कारण बायकोला कळावं म्हणून, आणि ती पाहुण्यांशी बोलते तशी बोलली. नीट, मोजून, एकेक शब्द शोधत. पुढच्या वेळी कन्नडमध्ये विचारलं तर ती मध्येच रडली, मध्येच शिवी दिली, एक गाणं म्हणलं. तर त्यांच्या भाषेतच घ्या. मराठी नंतर तुम्ही लिहून काढा, गच्चीवर ऐकवताना कागद वाटा किंवा मध्ये मध्ये थांबवून तुम्ही सांगा. आपल्याकडे तेलुगू कन्नड मराठी दखनी एका वाक्यात येतात, लोकांना अर्धं तर तसंच कळेल.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, त्यानं तिथल्या स्टोरीकॉर्प्सबद्दल सांगितलं होतं. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी एक छोटी खोली उभी केली, त्यात ओळखीची, जिवाभावाची दोन माणसं समोरासमोर बसायची आणि ४० मिनिटं बोलायची. नवरा-बायको, आजी-नात, दोन मित्र, कुणीही. एक प्रत त्यांना घरी न्यायला, आणि त्यांनी हो म्हणलं तर एक प्रत तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कायमची. मला त्यातलं हे पटलं की तिथं पत्रकार नसतो, विचारणारा आपलाच माणूस असतो. आणि ४० मिनिटं हे माप बरोबर आहे, म्हाताऱ्या माणसाला त्यापेक्षा जास्त बसवू नये, थकतात.

आणि आपल्याकडे हे काही नवीन नाही बरं का. हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त, बऱ्याचशा बायकांच्या आवाजात रेकॉर्ड पण केल्या, आज पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या वेबसाईटवर ऐकायला मिळतात. पिठाची गिरणी आली आणि घराघरातली जाती बंद पडली, त्या ओव्या राहिल्या कारण कुणीतरी वेळेत जाऊन बसलं.

प्रश्न विचारताना तारीख-वार असलेल्या घटना धरा, त्यानं माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो. ७२ च्या दुष्काळात घरात काय शिजायचं. ३० सप्टेंबर ९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठं झोपला होता, आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालं होतं त्यामुळं लोकांना ती रात्र बरोबर आठवते. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, पहिल्यांदा कुणाच्या खांद्यावर बसून गेलात.

जुनी_पेठ

मला सल्ला असा काही द्यायचा नाही, एक गोष्ट सांगतो फक्त.

माझे आजोबा १९२० च्या आसपासचे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, हे आपल्या गावात सगळ्यांना माहीत आहे, चौकात पुतळे आहेत. पण आजोबा जे सांगायचे ते पुतळ्यातलं नव्हतं. ते सांगायचे की त्या दिवसांत ते गांधी टोपी घालून गल्लीत खेळत होते आणि त्यांच्या आईनं त्यांना ओढत घरात आणलं, डोक्यावरची टोपी काढली आणि चुलीत टाकली. आणि मग ती चुलीसमोर बसून रडायला लागली कारण ती टोपी तिनंच शिवली होती.

हे आम्ही पन्नास वेळा ऐकलं असेल. आता माझी मोठी बहीण म्हणते चुलीत नाही, टोपी ज्वारीच्या कणगीत लपवली होती आणि नंतर ती सापडलीच नाही. काका म्हणतात दोन्ही चूक, टोपी आजोबांच्या मोठ्या भावाची होती. आजोबा १९९६ ला गेले. आमच्या घरात तेव्हा टेपरेकॉर्डर होता, आणि पेटीभर कॅसेटी होत्या, सगळ्या सिनेमाच्या गाण्यांच्या. मी स्वतः रेडिओवरून गाणी भरायचो, एक गाणं सुटलं तर हळहळायचो. एक कॅसेट, फक्त एक बाजू, ३० मिनिटं.

आता आम्ही तिघं तीन गोष्टी सांगतो आणि तिघांनाही आपापली खरी वाटते. तुमचे अप्पा आहेत अजून. पाच मिनिटांत संपलं तरी बसा, परत बसा.

निर्मल_गच्ची

सगळ्यांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती म्हणजे परवानगी. मी हे चुकीचं करून बसलेली आहे म्हणून लिहिते.

माझ्या आत्याला मी तीन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलं. ती माझ्याशी बोलत होती, दुपारची वेळ, दोघीच घरात, मोकळेपणानं बोलली. सासरी सुरुवातीची वर्षं कशी काढली, एक मूल गेलं त्याचं, दिरानं काय केलं. फोन समोर होता, तिला माहीत होतं, पण आपण फोनशी नाही, भाचीशी बोलतोय असंच तिला वाटत होतं. मला इतकं भरून आलं होतं की मी ते संध्याकाळी भावाला पाठवलं, त्यानं चांगल्या मनानं फॅमिली ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपमध्ये दिराची मुलं आहेत. आत्या माझ्याशी आठ महिने बोलली नाही. आता बोलते, पण दुपारची ती आत्या परत भेटली नाही मला.

तर काय करा सांगते. रेकॉर्डिंग झालं की लगेच कुणाला पाठवू नका. दोन-चार दिवसांनी त्यांच्याबरोबर बसून पूर्ण ऐका. मग एकेक विचारा, हे गच्चीवर लावू का, हे फक्त घरात ठेवू का, हे तुमच्यानंतरच उघडायचं का. आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, म्हणजे उद्या भावंडांत वाद नाही. दुसऱ्या कुणाचं नाव आलं असेल तर तो माणूस हयात असला तर त्यालाही विचारा. कोजागिरीची घाई करू नका, वाटलं तर एखाद्या घराचं पुढच्या वर्षी लावा.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल वाटलं नव्हतं. कुंभारी नाका ताई, माळ्यावर खरंच एक धोटा सापडला, लाकडी, दोन्ही टोकांना पितळ. रविवारी अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावून दाखवला, धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढून घ्यायचे म्हणे, दिवसातून कितीतरी वेळा, आणि सुताचा कोंडा नाकातोंडात. मी हे कधी ऐकलंच नव्हतं.

पण नवीन अडचण आली. अप्पा बोलता बोलता हातानं बोलायला लागतात. विणाई खात्यात एवढा आवाज असायचा की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नसे, मग तिथं सगळ्यांची हाताची भाषा होती, पाणी पाहिजे, दोरा तुटला, साहेब आला, जेवायला चल, उद्या येणार नाही, सगळं बोटांनी आणि ओठांनी. आता ते सांगताना दाखवतात आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता.

साउंडवाला_सोलापूर

मग व्हिडिओ घ्या. फोन आडवा धरून एखाद्या डब्याला टेकवून ठेवा, हातात धरू नका, हलतो. खिडकी त्यांच्या समोर पाहिजे, पाठीमागे नको. आणि आवाजासाठी दुसरा फोन जवळ ठेवा वेगळा, घरात दोन फोन असतातच. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही जुळवायला सोपं जातं, मी करून देईन पाहिजे तर.

कुंभारी_नाका

दादा, ती भाषा तुम्हाला येत नाही ना, मग ते तुमच्याशी कशी बोलतील? त्याच खात्यातला त्यांचा कुणी मित्र असेल तर त्याला बोलवा. तुम्ही फक्त चहा द्या.

पूर्वभागकर

ताई, तुमचं ऐकलं. तीन आठवडे झाले, आता लिहितोय. इथं लिहू का म्हणून दोघांनाही विचारलं, दोघंही हो म्हणाले, म्हणून लिहितो.

अप्पांचे एक मित्र आहेत, त्याच खात्यातले, दोन गल्ल्या सोडून राहतात, त्यांनाही ऐकायला कमी येतं. त्यांना बोलावलं. भिंतीला दोन चादरी लावल्या, एक फोन पिठाच्या डब्याला टेकवला, दुसरा दोघांच्या मध्ये टॉवेलवर. मी टाळी वाजवली तर अप्पा म्हणाले कशाला वाजवतो. मग मी बाजूला बसलो. एक तास दहा मिनिटं झालं. ४० मिनिटांनी थांबवायचा विचार होता पण ते थांबेनात.

त्यातली जवळजवळ चार मिनिटं कुणीच बोलत नाही, दोघं नुसते हात हलवतात आणि हसतात. साहेब आला म्हणजे दोन बोटं कपाळाला, टोपीसारखी. मुकादम आला म्हणजे मिशी. एका खुणेवरून दोघांचं जुंपलं, अप्पा म्हणाले ही दोरा तुटल्याची, मित्र म्हणाले नाही, ही बॉबिन संपल्याची.

आणि मग मित्र जे बोलले ते मला माहीत नव्हतं, अम्मालाही नाही. ते ७२ ला बदली होते. म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी डबा घेऊन गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या मागावर काम, नाहीतर घरी परत. दुष्काळाचं वर्ष, गावाकडनं त्यांचे आईवडील पण इकडंच आलेले, घरात नऊ माणसं. अप्पा तेव्हा कायम झालेले. अप्पा दर आठवड्याला एक दिवस मुद्दाम खाडा करायचे. आदल्या दिवशी खात्यात लांबून हातानंच सांगायचे, उद्या येणार नाही. म्हणजे मित्रानं दुसऱ्या दिवशी नक्की गेटवर यायचं. त्या दिवसाचा अप्पांचा पगार जायचा. घरी सांगायचे अंग दुखतंय.

अम्मा स्वयंपाकघरात होती. रेकॉर्डिंगमध्ये भांड्याचा आवाज थांबतो तो कळतो. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्या खाड्यांवरून ती किती भांडली हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय, माहेरी निघून गेली होती एकदा.

निर्मल गच्ची ताई, तुम्ही सांगितलं तसं चार दिवसांनी दोघांना परत बोलावून सगळं ऐकवलं, मोठ्या आवाजात, हेडफोन लावून एकेकाला. अप्पा म्हणाले खाड्याचं गच्चीवर लावू नको, ते आपलं आपलं आहे. मित्र म्हणाले लावू नका, पण मी स्वतः येऊन सांगणार, माझी गोष्ट आहे ती, तुझी एकट्याची नाही. अप्पा काही बोलले नाहीत, मान हलवली. त्यामुळं कोजागिरीला आम्ही हातांचा भाग लावणार आहोत, त्याला भाषांतर लागत नाही, आणि पुढचं मित्र सांगतील, त्यांच्या तेलुगू-मराठीत जसं येईल तसं.

व्हिडिओत शेवटी अम्मा दारात येऊन उभी राहिलेली दिसते, पदराला हात पुसत. ती तेलुगूत विचारते, असं किती दिवस केलं. अप्पांना ऐकू जात नाही, ते धोटा बघत बसलेत. मित्र त्यांच्या गुडघ्याला हात लावतात आणि तोच प्रश्न खात्यातल्या भाषेत, बोटांनी विचारतात. अप्पा वर बघतात, आधी मित्राकडं, मग दाराकडं, आणि दोन बोटं दाखवतात. वर्षं.